उघडं वायफाय

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून. चौकशी झाली ती त्या घरातल्या माणसाची.

असं आपल्याकडेही होऊ शकतं. साताऱ्यात गोडोलीला किंवा सांगलीत विश्रामबागेत फ्लॅटला फ्लॅट लागून असतात. राउटरच्या लहरी भिंत ओलांडून शेजारी, जिन्यात, रस्त्यावरही पोचतात. नेटवर्कचं नाव लपवून फारसं साधत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही पद्धत निवडा. जुनं डब्ल्यूईपी काही मिनिटांत फोडता येतं. पासवर्ड लांब हवा, मोबाईल नंबर तर नकोच. पाहुण्यांना वेगळं गेस्ट नेटवर्क द्या. राउटरच्या सेटिंगचा मूळ ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड अनेक घरांत तसाच राहतो, आणि सर्वांत मोठा धोका मला तिथेच वाटतो. कनेक्शन जोडणारा माणूस घरात असतानाच हा पासवर्ड बदलायला शिकून घ्या.