फिरत्या प्रकाशातली चित्रे

चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेली चौकट येते. चित्र तिथे, आपण इथे. दोन मिनिटे पाहायचे आणि पुढे जायचे. पण पाहणाऱ्यालाच आत शिरावे लागते असाही कलेचा एक प्रकार आहे. मराठीत त्याला ‘मांडणशिल्प’ म्हणतात. वस्तू, प्रकाश, आवाज, हलती चित्रे असे सारे एका खोलीत मांडायचे आणि ती खोलीच कलाकृती समजायची. “ह्यात कला ती कोणती?” असे विद्यार्थी विचारतात, पालकही विचारतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा एखाद्या कलावंताचे काम नीट समजून घेतले तर उत्तर लवकर सापडेल, असे आम्हांला वाटते. म्हणून आज नलिनी मालानी यांच्याविषयी.

मालानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि कुटुंबाला घर सोडून भारतात यावे लागले. आधी कोलकाता, मग मुंबई. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९६९ साली पदविका घेतली. त्याच सुमारास चित्रकार अकबर पदमसी यांनी सुरू केलेल्या कार्यशाळेत त्यांच्या हाती कॅमेरा आला. तेव्हापासून रंग आणि चित्रफीत या दोन्ही वाटा त्यांनी सोडल्या नाहीत.

१९९२ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांनी कागद-कॅनव्हास न घेता थेट भिंतींवरच चित्रे काढली आणि प्रदर्शन संपताच ती पुसून टाकली. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नाहीशी होत होती, ही खंत त्यामागे होती. नाथद्वारा आपल्या बडोदेकरांना परके नाही. जे आपण जपत नाही ते कसे जाते, हे सांगायला त्यांनी स्वतःचीच मेहनत पुसली.

मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि लगोलग पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या. त्या वेळी मालानी यांना सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा आठवली. फाळणीनंतर वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांचीही दोन देशांत वाटणी होते आणि आपले गाव कुठल्या देशात गेले हेच न समजलेला एक म्हातारा दोन सीमांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो, अशी ती कथा. तिच्यावरून केलेले मांडणशिल्प १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय) लोकांनी पाहिले. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका आणि प्रत्येकीत एक पडदा. त्यावर घरदार सोडून निघालेल्या माणसांची दृश्ये. निर्वासितांचा सगळा संसार अशाच ट्रंकांतून आला होता. भिंतींवर अणुस्फोटाची दृश्ये, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया एका साडीची घडी घालू पाहतात. मोठ्या साडीची घडी घालायला दोघीजणी लागतात, हे आपण घरी पाहिलेले असते. इथे त्या दोघींच्या मध्ये अख्खी खोली आहे, आणि त्या खोलीत आपण उभे आहोत. घडी काही जमत नाही. हेच दृश्य चौकटीत असते तर आपण ते बाहेरून पाहिले असते.

आता त्यांच्या फिरत्या चित्रांकडे येऊ. काचेच्या मागल्या बाजूने चित्र काढायची जुनी रीत आपल्याकडे आहे. तशी देवादिकांची चित्रे कोणाकोणाच्या घरी असतीलही. ही रीत मालानी शिकल्या त्या आपल्या बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून. (हिशेबनीस म्हणून नोकरी करता करता चित्रे काढणारा हा अवलिया माणूस स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) ह्यात सगळा क्रम उलटा. डोळ्यांतली बुबुळे, दागिने आधी. मग चेहऱ्याचा रंग. पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. चूक झाली तर वरून रंग देऊन झाकता येत नाही.

मालानी यांनी काचेऐवजी मायलार हे पारदर्शक प्लॅस्टिक घेतले, त्यावर याच रीतीने चित्रे काढून त्याची मोठी नळकांडी केली आणि ती छताला टांगून सावकाश फिरती ठेवली. त्यांतून प्रोजेक्टरचा झोत सोडला की भिंतींवर रंगीत सावल्या चालू लागतात. २०१२ साली जर्मनीतील कासेल येथे ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात त्यांनी अशी पाच नळकांडी आणि सहा चित्रफिती एकत्र मांडल्या. २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांच्या आजवरच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, आणि २०२३ साली त्यांना जपानचा क्योतो पुरस्कार मिळाला.

ह्यातली गंमत घरीही पाहता येईल. पाण्याची स्वच्छ, लेबल काढलेली प्लॅस्टिकची बाटली घ्या. मार्करने तिच्या एका बाजूला माणूस आणि विरुद्ध बाजूला झाड काढा. तोंडाला दोरा बांधून अंधाऱ्या खोलीत टांगा, मोबाइलचा दिवा तिच्यावर धरा आणि बाटली हळूहळू फिरवा. भिंतीवर माणूस एका दिशेला जातो, झाड दुसऱ्या. दिव्याजवळच्या चित्राची सावली मोठी आणि थोडी धूसर, लांबच्या चित्राची लहान आणि ठळक. दोघे मध्येच एकमेकांवरून जातात, आणि दिव्यासमोरून कोणी गेले तर त्याचीही सावली त्यांच्यात मिसळते.