पाव इंचाचा हिशोब: क्विल्टच्या शिवणीबद्दलचे गैरसमज

जुन्या साड्या-धोतरांचे थर घालून हाताने धावदोरा टाकलेल्या गोधडीत ठिगळ थोडं लहान-मोठं झालं तरी बिघडत नाही. ते वरून बसतं आणि कडा दुमडून जागेवर मावतं. मशीनवर तुकडे एकमेकांना जोडून केलेल्या क्विल्टचं तसं नाही. तिथे प्रत्येक तुकड्याचा कोपरा शेजारच्या कोपऱ्याला भिडावा लागतो. त्यासाठी शिवणीत सोडायची माया जगभर पाव इंच ठरलेली आहे. नवशिक्यांची खरी अडचण या पाव इंचापाशीच होते आणि तिच्यामागे बहुतेक वेळा पुढचे समज असतात.

गैरसमज: एखादा दोरा इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं? सगळ्या शिवणी सारख्याच चुकल्या की झालं.

वस्तुस्थिती: अडीच इंचांचे नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळींत जोडले, तर ब्लॉक साडेसहा इंचांचा व्हायला हवा. आता माया पाव इंचाऐवजी फक्त एक सोळांश इंचाने, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरने जास्त गेली असं धरा. माया दोन्ही तुकड्यांतून जाते, त्यामुळे एका शिवणीत एक अष्टमांश इंच कमी होतो. दोन शिवणींत पाव इंच गेला आणि ब्लॉक सव्वासहा इंचांचा झाला. त्याच्या शेजारी साडेसहा इंचांचा अखंड चौकोन लावायचा असेल, तर त्यात एकही शिवण नाही, त्यामुळे तो कमी झालेलाच नाही. हे दोघे जुळणार कसे? सारखी चूक फक्त सारख्या शिवणी असलेल्या ब्लॉकमध्येच खपते. शिवाय असे नऊ तुकड्यांचे आठ ब्लॉक एका ओळीत जोडले, तर 48 इंचांची ओळ जवळजवळ तीन इंचांनी तोकडी पडते.

गैरसमज: प्रेसर फुटाची उजवी कड म्हणजे पाव इंच.

वस्तुस्थिती: फुटाची रुंदी प्रत्येक मशीनची वेगळी असते. झिगझॅग मशीनवर सुई डावीकडे-उजवीकडे सरकते, तेव्हा अंतरही बदलतं. सुईखालच्या प्लेटवरच्या रेघा बऱ्याचदा कपडे शिवणाऱ्यांच्या मोठ्या मायेसाठी आखलेल्या असतात. म्हणून स्वतः मोजावं. शाळेत वापरतात तो मिलिमीटरचा आलेख कागद घ्या आणि एका रेघेवर नीट कापा. कापलेल्या कडेपासून सहाव्या मिलिमीटरच्या रेघेवर चाक हाताने फिरवून सुई अलगद टेकवा. कागद सरळ धरून फूट खाली सोडा आणि कागदाच्या कापलेल्या कडेला लागून प्लेटवर कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. कापड ओढणारे दाते मात्र पट्टीखाली झाकू नका.

गैरसमज: पाव इंचाचं खास फूट विकत आणलं की माप आपोआप बरोबर येतं.

वस्तुस्थिती: शिवण उलटून इस्त्री केली की कापड त्या घडीवर वळतं आणि त्या वळणात काही धागे जातात. दोरा जाड असेल तर आणखी जातात. म्हणून शिवण नेमक्या पाव इंचावर न घालता एखाद-दोन धागे कडेच्या जवळ घालावी लागते. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, म्हणून वर सहाची रेघ धरायला सांगितली. पण तुमच्या कापडाला आणि दोऱ्याला किती धागे लागतील, हे कापडच सांगेल. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या नीट कापा, लांबीला जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच आली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जाते आहे, जास्त भरली तर कमी. त्याप्रमाणे चिकटपट्टी केसभर सरकवा आणि पुन्हा शिवून बघा. कापड, दोरा किंवा सुई बदलली की ही चाचणी पुन्हा करायची.

गैरसमज: शिवताना नजर सुईवर हवी.

वस्तुस्थिती: सुई वरखाली होत असते, तिच्याकडे बघून कापड सरळ जात नाही. नजर सुईच्या पुढे, कापडाची कड चिकटपट्टीला जिथे टेकते तिथे ठेवा. कापड मागून ओढू नका, ते दात्यांनाच नेऊ द्या. शिवण सर्वांत जास्त वाकडी जाते ती सुरुवातीला आणि शेवटच्या अर्ध्या इंचात. सुरुवातीला एका चिंधीवर शिवण घालून तिला लागूनच खरा तुकडा आत सरकवला, तर टोक दात्यांत ओढलं जात नाही. शेवटी वेग कमी करा आणि कापड सोडून देऊ नका.

गैरसमज: इस्त्री सगळं शिवून झाल्यावर एकदाच केली तरी चालते.

वस्तुस्थिती: प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री हवी. घडी अर्धवट उघडी राहिली की तुकडा लहान मोजला जातो आणि दोष शिवणीला लागतो. इस्त्री कापडावर घासत नेली तर तिरप्या कडा ताणल्या जातात. ती उचलून ठेवावी आणि दाबावी.

गैरसमज: अचूक शिवणीला महागडं मशीनच लागतं.

वस्तुस्थिती: फक्त सरळ टाका घालणारं जुनं पायमशीन या कामाला उत्तम आहे. त्याची सुई बाजूला हलत नाही आणि प्लेटचं भोक लहान असल्याने कापड आत ओढलं जात नाही.

तेव्हा क्विल्ट कापायला घेण्याआधी तीन पट्ट्या जोडून बघाच. मधली पट्टी इंचभर आली, की मगच मूळ कापडाला कात्री लावा.