हट्टी मॅग्नेशियमवर विजेचा उतारा

खास प्रतिनिधी

नागपूर - यंत्रे आणि वाहनांच्या बांधणीसाठी वापरल्या जाणाऱ्या धातूंमध्ये मॅग्नेशियम हा सर्वांत हलका. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.९ ग्रॅम भरते, अ‍ॅल्युमिनियमचे २.७ ग्रॅम, तर मॅग्नेशियमचे अवघे १.७४ ग्रॅम. वजन घटले की विमानाचे इंधन वाचते आणि विजेवर चालणाऱ्या मोटारीचा पल्ला वाढतो. असे असूनही मॅग्नेशियमच्या पत्र्यापासून केलेले भाग अभावानेच दिसतात. जुन्या फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या इंजिनाच्या कवचात हा धातू होता. पण ते कवच ओतीव होते. आजही मॅग्नेशियमचे बहुतेक भाग साच्यात ओतूनच तयार होतात. कारण पत्रा थंड स्थितीत वळवू गेल्यास तो वाकण्याऐवजी तडकतो.

या हट्टी पत्र्याला वळण लावण्यासाठी त्याच्यातूनच विजेचा प्रवाह सोडायचा, हा एक उपाय प्रयोगशाळांमध्ये तपासला जात आहे. प्रवाह सुरू असताना पत्रा मऊ पडतो, याविषयी दुमत नाही. वीज त्याला केवळ तापवते, की त्याहून अधिक काही करते, हा मात्र वादाचा विषय आहे.

हलक्या धातूंशी जुने नाते असलेल्या नागपूरसाठी हा वाद अगदीच परका नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाच्या अखत्यारीतील जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन, विकास व आरेखन केंद्र १९८९ मध्ये याच शहरात स्थापन झाले. अंबाझरीची आयुध निर्माणी अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंच्या कामासाठी ओळखली जाते. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत धातुशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि मिहानमध्ये विमानांच्या सुट्या भागांची निर्मिती होते. वजनातला प्रत्येक ग्रॅम जेथे मोलाचा, अशीच ही क्षेत्रे आहेत.

पत्रा का तडकतो?

धातू वाकतो, तेव्हा त्याच्या आतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. पत्त्यांचा कॅट तिरका ढकलला की पाने सरकतात, तसाच हा प्रकार. अ‍ॅल्युमिनियमच्या स्फटिकात हे थर अनेक दिशांनी सरकू शकतात. मॅग्नेशियमची अणुरचना षटकोनी असते. नेहमीच्या तापमानाला तिचे थर मुख्यत्वे एकाच पातळीत सहज सरकतात. त्यातही लाटून केलेल्या पत्र्यात बहुतेक स्फटिकांची ही पातळी पत्र्याला समांतर झालेली असते. त्यामुळे पत्र्याची जाडी सहज घटत नाही आणि ताण सोसण्याऐवजी तो फाटतो.

तापमान सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत नेले की सरकण्याच्या इतर वाटाही खुल्या होतात. म्हणून सध्या पत्रा आणि साचा दोन्ही तापवून काम केले जाते. धातू तापवून वश करण्याची युक्ती तशी जुनीच. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याच्या कारागिरांनाही ठोकून कडक झालेला पत्रा पुन्हा भट्टीत घालून मऊ करावा लागतो. मात्र कारखान्यात मोठे साचे सतत तापते ठेवणे खर्चिक असते. शिवाय पत्रा फार वेळ तापला तर त्यातील स्फटिककण मोठे होऊन त्याची ताकद घटते.

चार सेकंदांची भट्टी

विजेचा उपाय येथेच उपयोगी पडतो. तीन टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि एक टक्का जस्त असलेल्या ‘एझेड ३१’ या प्रचलित मिश्रधातूची दहा सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर जाड पट्टी घेतली, असे समजू. तिच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे ३० अँपिअर प्रवाह द्यायचा, तर एकूण ३,००० अँपिअर लागतात. घरातील मोठ्या प्लगची क्षमता १६ अँपिअर असते, हे पाहता हा आकडा धडकी भरवणारा वाटतो. परंतु पट्टीचा रोध अत्यल्प असल्याने तिच्या दोन टोकांमध्ये एक व्होल्टहूनही कमी दाब पुरतो. पट्टीत खर्च होणारी शक्ती जेमतेम अडीच किलोवॅट, म्हणजे घरगुती गिझरपेक्षा थोडीच जास्त. एवढ्यावर पट्टी दर सेकंदाला सुमारे ४५ अंशांनी तापते आणि चारेक सेकंदांत २०० अंश गाठते. स्पॉट वेल्डिंगच्या यंत्रातही कमी दाब आणि प्रचंड प्रवाह हेच तत्त्व असते.

उष्णता की आणखी काही?

या विषयाची सुरुवात सोव्हिएत संघात झाली. त्रोइत्स्की आणि लिख्तमान यांना १९६३ मध्ये असे आढळले, की इलेक्ट्रॉनांचा मारा सुरू असताना जस्ताचा स्फटिक अधिक सहजतेने ताणला जातो. पुढे १९६९ मध्ये त्रोइत्स्कींनी विजेचे क्षणिक झटके देऊनही असाच परिणाम दाखवला. या परिणामाला ‘इलेक्ट्रोप्लॅस्टिसिटी’ असे नाव मिळाले.

इलेक्ट्रॉनांचा ओघ स्फटिकातील दोषांना पुढे ढकलतो, हे त्याचे सुरुवातीचे स्पष्टीकरण होते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०२० मध्ये वेगळा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते दोषांजवळ विद्युतभाराचा समतोल ढळतो आणि अणूंमधील बंध सैल होतात. अमेरिकेतील बर्कले येथील संशोधकांनी टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर केलेले प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. विजेच्या झटक्यांमुळे दोष एकाच पट्ट्यात न साचता विखुरले आणि हा बदल केवळ उष्णतेने उलगडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

विरोधकांचा आक्षेप तापमानाच्या मोजमापावर आहे. पृष्ठभागावर मोजलेले तापमान आणि आत एखाद्या दोषापाशी क्षणभर निर्माण झालेले तापमान एकच असेल, याची खात्री नसते. म्हणूनच एक नमुना विजेने आणि दुसरा भट्टीत तेवढ्याच तापमानाला नेऊन दोन्हींची तुलना करणे, ही या क्षेत्रातील खरी कसोटी मानली जाते.

जोखीम पातळ जागी

वाद कसाही सुटो, कारखान्यातील अडचणी वेगळ्याच आहेत. ताणताना पत्रा एखाद्या ठिकाणी पातळ झाला की तेथे प्रवाहाची घनता वाढते. पट्टीची जाडी एका जागी दहा टक्क्यांनी घटली, तर तेथील धातूत निर्माण होणारी उष्णता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. ती जागा आणखी मऊ पडते, आणखी ताणली जाते आणि अखेर तेथेच पत्रा फाटतो. अखंड प्रवाहाऐवजी थांबून-थांबून झटके देण्यामागे हेही एक कारण आहे. मधल्या वेळेत उष्णता आजूबाजूला पसरते. सरळ पट्टीत हे जमते. परंतु मोटारीच्या दारासारख्या वेड्यावाकड्या आकारात प्रवाह सर्वत्र सारखा राखणे कठीण जाते. पकडीच्या जागी ठिणगी उडाल्यास मॅग्नेशियमच्या भुकटीला आग लागण्याचा धोका असतो आणि ही आग पाण्याने विझण्याऐवजी भडकते.

कच्च्या मालाचा प्रश्नही आहेच. जगातील नव्या मॅग्नेशियमपैकी ८० टक्क्यांहून अधिक चीनमध्ये तयार होते. तेथील वीजकपातीमुळे २०२१ च्या शरद ऋतूत उत्पादन घटले, तेव्हा युरोपातील वाहन उद्योग हवालदिल झाला होता. ज्या डोलोमाइट दगडापासून हा धातू काढता येतो, तो नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत सापडतो. मात्र दगडापासून धातू मिळवण्यास ऊर्जा फार लागते. अशा महागड्या धातूचा पत्रा साच्यात फाटून भंगारात जाणे कोणत्याच कारखानदाराला परवडणारे नाही.

विजेचा परिणाम केवळ उष्णतेचा ठरला, तर ही पद्धत म्हणजे एक वेगवान भट्टी, आणि तापत्या साच्यांशी तिची स्पर्धा खर्चावर ठरेल. त्यापलीकडे काही असल्याचे सिद्ध झाले, तर पत्रा कमी तापमानाला वळेल, स्फटिककण बारीक राहतील आणि साचे तापवण्याची गरजही कमी होईल. हिंगणा किंवा बुटीबोरीतील लहान कारखानदाराच्या लेखी या दोन शक्यतांमधील अंतर म्हणजे गुंतवणुकीचा सरळ हिशेब होय.