बांधकाम परवानगीची मुदत संपली? आधी जोतं कुठवर आलंय ते बघा

मुलगा दुबईला नाहीतर कुवेतला. गावी पक्कं घर व्हावं म्हणून तो दर महिन्याला पैसे पाठवतो. नगरपरिषदेतून नकाशा मंजूर होतो, परवानगीचा कागद हातात येतो. मग मध्येच बहिणीचा निकाह ठरतो, अब्बांचं आजारपण निघतं आणि काम थांबतं. दीड-दोन वर्षांनी पुन्हा गवंडी लावला की नगरपरिषदेचा माणूस दारात येतो, "परवानगी दाखवा." कागद काढून बघावा तर मुदत कधीच संपलेली!

अशा वेळी घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. आधी नियम समजून घ्या.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 48 प्रमाणे बांधकाम परवानगी एक वर्ष चालते. पुढे दरवर्षी अर्ज करून ती वाढवून घेता येते, पण वाढीव मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त मिळत नाही. म्हणजे एकूण चार वर्षं. त्यानंतर नव्याने अर्ज करावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, परवानगी चालू असतानाच जोत्यापर्यंत काम पूर्ण झालं असेल तर नूतनीकरणाची गरज नाही. काम पूर्ण होईपर्यंत तीच परवानगी चालते. नुसते खड्डे खणले, सळ्या आणून टाकल्या म्हणजे काम सुरू झालं असं धरत नाहीत. मुंबई महापालिकेची नियमावली मात्र वेगळी आहे, तिथे त्यांच्याकडेच चौकशी करावी.

जोतं झालं नसेल तर वर्ष संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज द्या. उशीर झाला तरी चार वर्षांच्या आत असाल तर शुल्क घेऊन विलंब माफ करण्याचा अधिकार परवानगी देणाऱ्या नियोजन प्राधिकरणाला आहे. पण तो अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. म्हणून उशीर नकोच.

मुदत संपल्यावर तसंच काम रेटलं तर ते अनधिकृत ठरू शकतं आणि पाडण्याची नोटीस येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण रस्ता, फूटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. नोटीस आलीच तर मुदतीत लेखी उत्तर द्या.

जोतं पूर्ण झालं की इंजिनिअरमार्फत ऑफिसला लेखी कळवा, शिक्क्याची पोच घ्या, तारखेसह फोटो ठेवा. मंजूर नकाशा, परवानगी आणि शुल्काच्या पावत्या एकाच फाईलमध्ये ठेवा आणि त्यांची एक प्रत परदेशातल्या मुलाच्या मोबाईलवरही पाठवा. "साहेबांनी तोंडी सांगितलं होतं" हे पुढे कुठेच चालत नाही. म्हणून आजच कपाटातला तो कागद काढा आणि त्यावरची तारीख वाचा.