ठिपक्याचे पांढरे पाय

इंग्लंडच्या दक्षिणेला साउथ डाउन्स नावाची टेकड्यांची रांग आहे. विंचेस्टर शहरापासून ईस्टबोर्नच्या समुद्रापर्यंत, टेकड्यांच्या माथ्यामाथ्यावरून, १६० किलोमीटर लांबीची पायवाट जाते. कुत्र्याला फिरवायला निघालेली माणसं या वाटेवर सारखी भेटतात. चला, आपणही एक मनातला कुत्रा बरोबर घेऊ! स्पॅनियल जातीचा, लोंबत्या कानांचा, अंगानं तपकिरी आणि छातीवर एकच पांढरा ठिपका. नाव अर्थातच ठिपक्या.

पाऊस नुकताच पडून गेलाय. चढायला लागलो तेव्हा ठिपक्याचे चारही पाय तपकिरी होते. डिचलिंग बीकनच्या माथ्यावर, म्हणजे २४८ मीटर उंचीवर पोचलो आणि बघतो तर काय, पाय पांढरेफटक!

कारण ही अख्खी टेकडी खडूची आहे. वाटेवरचा एखादा खडा उचलून फळ्यावर ओढला तर पांढरी रेघ उमटेल. आपल्या वर्गातला खडू मात्र बहुधा जिप्समचा असतो. दोन्हींतला फरक ओळखायचाय? लिंबाचा रस टाका. डाउन्सवरच्या खडूतून बारीक बुडबुडे निघतील, जिप्सममधून निघणार नाहीत. अंड्याच्या कवचावर लिंबू पिळलंत तरी बुडबुडे दिसतील, कारण कवच आणि टेकडी दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटची. कोंबडी आणि डोंगर एकाच मालापासून घरं बांधतात, हे मला फार आवडतं.

पण एवढा खडू इथे आला कुठून? समुद्रातून. साधारण १० कोटी ते ७ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यात एकाच पेशीची इवलीशी शैवालं तरंगत असत. त्यांच्या अंगाभोवती गोल चकत्यांचं चिलखत असे. एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारच नाही अशी. शैवाल मेलं की चकत्या तळाशी जात. त्यावर पुढच्या, त्यावर आणखी पुढच्या. हजार वर्षांत थर चढे जेमतेम एक-दोन सेंटीमीटरांचा! आता तुमची उंची मोजा. तेवढा खडू साठायला लाखभर वर्षं लागली असतील. ठिपक्या एका उडीत कितीतरी हजार वर्षं ओलांडतो आणि त्याला पत्ताही नसतो.

थॉमस हेन्री हक्सली नावाच्या शास्त्रज्ञांनी १८६८ साली नॉरिच शहरातल्या कामगारांपुढे एक व्याख्यान दिलं. विषय काय, तर खडूचा एक तुकडा! त्या एका तुकड्यावरून त्यांनी ऐकणाऱ्यांना थेट प्राचीन समुद्राच्या तळाशी नेलं.

समुद्राचा तळ टेकडी कसा झाला, तेही ऐका. आफ्रिका खंड युरोपला रेटत राहिला, त्यातून आल्प्स पर्वत उभा राहिला, आणि त्या रेट्यानं इकडचा खडूही वर उचलला गेला, पुरी फुगते तसा. मग कोट्यवधी वर्षांच्या पावसापाण्यानं फुगलेला भाग झिजून गेला. उरल्या दोन कडा. उत्तरेची नॉर्थ डाउन्स, दक्षिणेची साउथ डाउन्स.

ठिपक्या, जपून! वाटेत काळे, धारदार दगड आहेत. हा फ्लिंट. समुद्रात स्पंज नावाचे प्राणी राहतात. त्यांच्या सांगाड्यांतली सिलिका खडूच्या गाळात विरघळली आणि पुन्हा घट्ट होऊन तिचे हे गोळे झाले. फ्लिंट फोडला की काचेसारखी धार येते. कुत्र्याच्या पंजाला ती कापते, आणि अश्मयुगातल्या माणसांना तीच धार हवी होती. याच डाउन्सवर सिसबरी इथे त्यांनी हरणाच्या शिंगांनी खणत खणत फ्लिंटच्या खाणी काढल्या. काही फ्लिंटवर पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. ते असतात समुद्री अर्चिन नावाच्या प्राण्यांचे जीवाश्म. इथले लोक त्यांना ‘मेंढपाळाचा मुकुट’ म्हणत आणि वीज पडू नये म्हणून खिडकीत ठेवत.

ठिपक्याला आता तहान लागलीय. ओढा दिसतोय का कुठे? नाही दिसणार. सह्याद्रीत पावसाळ्यात काळ्या कातळावरून धबधबे कोसळतात, कारण पाणी मुरायला तिथे फारशी जागाच नाही. खडूत मात्र असंख्य बारीक छिद्रं आणि भेगा. पडलेला पाऊस आत गुडूप! म्हणून पाण्याची बाटली आणि वाडगा आपणच न्यायचा. मुरलेलं पाणी खडूतून सावकाश झिरपत जातं आणि पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं, नितळ आणि बारा महिने जवळजवळ सारख्याच तापमानाचं. खडूतून जन्मलेल्या अशा नद्या जगात थोड्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक इंग्लंडमध्येच.

(सह्याद्रीचा विषय निघालाच आहे तर सांगते. खडू साठवणारं क्रेटेशियस युग संपत आलं तेव्हा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते. आपले काळे डोंगर त्यातूनच झाले.)

ठिपक्याचं नाक मघापासून गवताला चिकटलंय. त्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. उच्छ्वास त्या चिरांतून मागे जातो, समोरचा वास उडून जात नाही. इथून ससा गेला, कुठल्या बाजूला गेला, सगळं त्याला कळतं.

आपण मात्र गवत डोळ्यांनी बघू. खडूवरची माती पातळ आणि गरीब. एखादं दांडगं झाड सगळी जागा बळकावू शकत नाही, म्हणून चिमुकल्या वनस्पती दाटीवाटीनं राहतात. एका चौरस मीटरात चाळीसपर्यंत जाती! चॉकहिल ब्लू या निळ्या फुलपाखराची अळी इथे वाढते. ती अंगातून गोड रस सोडते. मुंग्या तो पितात आणि बदल्यात अळीची राखण करतात.

म्हणूनच ठिपक्यानं शी केली की पिशवीत भरून न्यायचीच. खत मिळालं की माती श्रीमंत होते, मग खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल माजते आणि छोटी फुलं गुदमरतात. आणखी एक नियम. १ मार्च ते ३१ जुलै या काळात लोकांसाठी खुल्या असलेल्या मोकळ्या माळांवर कुत्रा आखूड पट्ट्यावरच हवा, कारण चंडोल जमिनीवरच घरटी करतात. मेंढ्यांजवळ तर वर्षभर पट्टा हवा.

पूर्वेला वाट समुद्राशी पोचते. तिथे सेव्हन सिस्टर्स नावाचे पांढरेशुभ्र कडे आहेत. इथेही पट्टा घट्ट धरा आणि काठापासून लांब राहा, कारण खडूची दरड कधीही, न सांगता कोसळते. खाली बघा, कड्यालगतचं पाणी दुधाळ झालंय. ते पडलेल्या खडूमुळे. पण कधीकधी भर समुद्रातही मैलोन्‌मैल पाणी दुधाळ होतं, उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसण्याइतकं. त्याला कारण जिवंत शैवाल! चकत्यांचं चिलखत घालणारी शैवालं आजही आहेत. त्यांतल्या एका जातीला हक्सलींचंच नाव दिलंय, एमिलियानिया हक्सलेई. तिच्याही चकत्या आत्ता, तुम्ही हे वाचत असताना, समुद्राच्या तळाकडे निघाल्या आहेत.