समुपदेशकाच्या पाटीमागची पदवी

इंदूरच्या भंवरकुआँ भागात कोचिंगच्या पाट्या मोजता मोजता दमायला होतं. जवळच खंडवा रोडवर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर. झोप उडालेला, परीक्षेच्या धास्तीने जेवण टाकलेला मुलगा समुपदेशकाकडे गेला, तर समोर नेमकं कोण बसलेलं असतं?

उत्तर एक नाही. मानसशास्त्रात एमए केलेला समुपदेशक बोलून मार्ग काढतो. औषध देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी झालेल्या डॉक्टरचं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या आणि मनोपचार करतो. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती बिनदिक्कत विचारावी. शिवाय समाजकार्याची पदवी घेतलेले लोक घर, पैसा, वसतिगृह अशा बाजू सांभाळतात.

नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीला मात्र वर्षानुवर्षं असं नोंदणीचं बंधन नव्हतं. 2021च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय नियमनाच्या कक्षेत आणला. जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. कोचिंग क्लासही त्यातून सुटले नाहीत.

औषधाची गरज दिसली, तर समुपदेशक पुढे पाठवतो. इंदुरात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चालू असतो.