कॅन्सरचे उपचार : डॉक्टरांशी बोला मोकळेपणाने

‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडला की त्यानंतर डॉक्टर काय बोलले, ते बऱ्याच जणांना आठवतच नाही. त्यात ओपीडीत गर्दी आणि भेटीला जेमतेम काही मिनिटं. घरी आल्यावर मग प्रश्नांची रांग लागते. म्हणूनच डॉक्टरांशी बोलण्याचीही तयारी करावी लागते.

भेटीला जाण्यापूर्वी

एक वही फक्त उपचारांसाठी ठेवा. प्रश्न लिहून न्या आणि महत्त्वाचे तीन सगळ्यात वर लिहा. बायोप्सी, स्कॅन, रक्ततपासण्या तारखेनुसार फाइलमध्ये लावा. बीपी, शुगरच्या गोळ्यांबरोबरच काढे, चूर्ण, जडीबुटी असं काही घेत असाल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका, कारण काही वनस्पतींचा केमोच्या औषधांवर परिणाम होतो.

सोबत एखाद्या जवळच्या माणसाला न्या. तुम्ही ऐका, त्यांना लिहू द्या. परराज्यात उपचार घेत असाल आणि तिथली भाषा येत नसेल, तर दुभाष्याची सोय आहे का ते आधीच विचारा.

हे प्रश्न जरूर विचारा

* कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या स्टेजला आहे?
* उपचार आजार पूर्ण बरा करण्यासाठी आहेत की तो आटोक्यात ठेवण्यासाठी?
* दुसरा पर्याय आहे का? खर्च अंदाजे किती येईल?
* पुढे मूल हवं असेल तर स्त्रीबीज किंवा शुक्राणू जतन करता येतील का? हा प्रश्न उपचार सुरू होण्याआधीच विचारायला हवा.

उत्तर कळलं नाही तर मान डोलावू नका. ‘‘म्हणजे तुम्ही असं म्हणताय ना?’’ असं आपल्या शब्दांत सांगून खात्री करून घ्या.

कोणाकडे काय विचाराल?

ऑपरेशनबद्दल सर्जन, केमोबद्दल मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आणि शेक देण्याबद्दल रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट सांगतील. तोंड आलं, उलट्या होतात, झोप लागत नाही, या तक्रारी नर्सला मोकळेपणाने सांगा. जेवणाबद्दल आहारतज्ज्ञांना विचारा. पैशांची अडचण, सरकारी योजना, राहण्याची सोय यासाठी मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. मुंबईत टाटा मेमोरियलला येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार मिळतो, तो अशाच चौकशीतून.

ताप आला तर थांबू नका

केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालयाला कळवा. न विचारता तापाची गोळी घेऊ नका, त्याने ताप दबतो पण संसर्ग वाढत राहतो. तातडीच्या वेळी कोणत्या नंबरवर फोन करायचा, ते पहिल्याच भेटीत लिहून घ्या.

‘‘त्यांना सांगू नका’’

आपल्याकडे घरचे लोक डॉक्टरांना बाजूला घेऊन हमखास हे सांगतात. त्यामागे मायाच असते. पण केस गळतात, वॉर्डाच्या दारावर पाटी असते, आजूबाजूचे रुग्ण बोलतात. रुग्णाला सगळं कळतं, फक्त बोलायला कोणी उरत नाही. त्याऐवजी ‘‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’’ असं त्यांनाच विचारा. ज्यांना सगळं ऐकायचं नाही, त्यांच्या वतीने कोणाशी बोलायचं ते त्यांनाच ठरवू द्या. आणि तुम्ही स्वतः रुग्ण असाल, तर तुमच्या आजाराची माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर संकोच करू नका. मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. मात्र मतं गोळा करण्यात उपचार लांबवू नका.

उपचार डॉक्टर करतात, पण शरीर तुमचं आहे. रात्री कुठे दुखलं, काय गिळता आलं नाही, कशाची भीती वाटली, हे तुम्ही सांगितलंत तरच त्यांना कळेल.